मळवलेला रणगाडा

“घट्ट आहे. तुटेल.”

दातवाल्याच्या हातातला चिमटा तसाच हवेत राहिला. आवाज पाठीमागून आला होता, आणि घरात त्या वेळी त्याच्याखेरीज फक्त बाबा होते. पण बाबा बोलत कुठे होते? आई गेल्यापासून त्यांचं बोलणं आटत गेलं होतं, आणि मागच्या हिवाळ्यापासून तर त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. भूक लागली तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहायचं, झोप आली तर उठून आत जायचं, एवढाच त्यांचा घराशी संबंध उरला होता.

वळून पाहिलं तर ते खुर्चीतून उठून टेबलाशी आले होते. त्यांनी अंगठा पुढे केला आणि प्लॅस्टिकच्या रणगाड्याची साखळी वरून हलकेच दाबली. चाकांवरून ताणून बसवलेली ती साखळी जराही दबली नाही. बाबांनी नापसंतीने मान हलवली, आणि परत जाऊन खिडकीशी बसले.

“बाबा, काय म्हणालात?”

बाबा बाहेर बघत होते. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी वाळत घातली होती, तिच्याकडे. दातवाल्याने पुन्हा विचारलं, खुर्चीसमोर उकिडवं बसून विचारलं. पण दार जसं उघडलं होतं तसंच लागलं होतं. तो टेबलाशी परतला, डोळे पुसले आणि साखळी सोडवायला घेतली. पन्नाशी ओलांडलेला माणूस खेळण्यापुढे बसून रडतोय हे कुणी पाहिलं नाही, हे बरंच झालं.

गल्लीत त्याला सगळे दातवालाच म्हणत. तो दातांचा डॉक्टर नव्हता. डॉक्टर लोक तोंडाची मापं पाठवत आणि हा बाजारामागच्या एका अरुंद खोलीत बसून त्यांच्या कवळ्या तयार करी. नवा दात नवा दिसू द्यायचा नाही, हे त्याच्या धंद्याचं सारं इंगित. मुळाशी जरा पिवळसर झाक, एखादी केसासारखी चीर, एक दात शेजाऱ्यापेक्षा किंचित वाकडा, की मग म्हाताऱ्याच्या तोंडात ते म्हाताऱ्याचेच वाटतात. बाबांची कवळीही त्यानेच केली होती. तिच्यावर त्याने इतर दहा कवळ्यांइतकी मेहनत घेतली होती. बाबांनी ती तोंडात बसवली, दोनदा चावून पाहिलं आणि म्हणाले, “चालेल.” लेकाला बापाकडून मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक. बाबा कधी रागावले नाहीत, कधी हात उगारला नाही, फीसाठी कधी नाही म्हणाले नाहीत. फक्त त्याच्याशी बोलले नाहीत. ताईशी थोडंफार बोलायचे. त्याच्यापुढे आले की मूग गिळून बसायचे.

तरुणपणी ते सैन्यात होते आणि रणगाडा चालवायचे. घरात त्याचा पुरावा म्हणजे एकच फोटो होता. रणगाड्यापुढे चौघे उभे, त्यात डावीकडून दुसरे बाबा, सगळे दात दाखवून हसणारे. दातवाल्याने प्रत्यक्षात बाबांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. सैन्य सोडल्यावर ते एका कारखान्याच्या गोदामात लागले आणि निवृत्त होईपर्यंत कामावर सायकलनेच जात राहिले. एवढं धूड चालवलेला माणूस साध्या मोटारीच्या चाकामागेही कधी बसला नाही.

डॉक्टर म्हणाले होते, “जुन्या ओळखीच्या वस्तू हातात द्या. काय सांगावं, एखादी लागू पडेल.” म्हणून दातवाला खेळण्यांच्या दुकानात गेला होता आणि फोटोतला रणगाडा शोधून त्याचा जुळणीचा डबा घरी घेऊन आला होता. सांगाड्याला जडलेले करड्या प्लॅस्टिकचे शेकडो तुकडे. ते एकेक कापायचे, कानस मारायची, ब्रशने द्रव गोंद लावायचा. दिवसभर तेच काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी पुन्हा तेच करताना पाहून त्याची बायको म्हणाली होती, “तुम्हाला दुसरा छंद मिळाला नाही का? निदान तिकडे गिऱ्हाईक तरी असतं.”

साखळी सोडवल्यावर त्याने ती कोमट पाण्यात नरम केली आणि वरच्या बाजूला चाकांवर किंचित लोंबती राहील अशी पुन्हा बसवली. मग रणगाडा उचलून बाबांपुढे धरला. बाबांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. साखळी दबली. त्यांनी मान डोलावली, आणि डोलावताना ते लेकाकडे बघत होते.

त्याने लगेच ताईला फोन लावला. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, दुसऱ्या गावी असायची.

“ताई, बाबा बोलले.”

“काय म्हणतोस? काय बोलले?”

“साखळी घट्ट आहे म्हणाले. तुटेल म्हणाले.”

“कसली साखळी?”

त्याने सगळं सांगितलं.

“टँक,” ताई म्हणाली. “तुला दुसरं काही सुचलं नाही?”

“अगं, डॉक्टरच म्हणाले.”

“डॉक्टर म्हणाले जुन्या वस्तू. आईचं शिवणाचं मशीन आहे, ते दे की पुढ्यात. त्यांची गोदामाची टोपी आहे.”

“पण बोलले ते याच्यामुळे.”

“बोलले ना? मग झालं. आता उचलून ठेव ते.” मग आवाज खाली आणून तिने विचारलं, “ते कामावरून आले की रोज सायकलची चाकं धुवायचे, आठवतं?”

“आठवतं की. सायकलची आंघोळ. आपण किती हसायचो.”

“आई नाही हसायची.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का? पण आई नाही हसायची, एवढं मला आठवतं.”

फोन ठेवताना दातवाला दुखावला होता. ताईला बाबांच्या बोलण्यातला वाटा नेहमी मिळाला, म्हणून तिला ‘झालं’ म्हणता येतं, असं त्याच्या मनात आलं. बाबांचे फार दिवस उरलेले नाहीत हे त्यालाही दिसत होतं. त्यांनी जाण्याआधी एकदा त्याच्याशी बोलावं, घरातल्या भिंतीशी नव्हे, चहाच्या कपाशी नव्हे, त्याच्याशी बोलावं, एवढीच त्याची मागणी होती. आणि कधी नव्हे ती बोलण्याची किल्ली त्याच्या हाताला लागली होती. तो कशाला सोडतो?

रंग झाला. हिरव्याच्या तीन छटा, उन्हाने उडाल्यासारख्या. बाजूला फोटोतलाच आकडा, डब्यातल्या छापील कागदावरचा, पाण्यात भिजवून चिकटवला. बाबा रोज टेबलाशी यायचे, बघायचे, जायचे. बोलले मात्र नाहीत. दातवाला दुकानात गेला आणि रणगाडा दुकानदारापुढे ठेवला.

दुकानदार स्वतः असले रणगाडे करण्यात मुरलेला होता. त्याने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, “काम झकास आहे. पण हा कुठं गेलेलाच दिसत नाही. आंघोळ करून बसलाय.”

“मग?”

“मळवा की. जुळणी कुणीही करतं, खरी गंमत मळवण्यात आहे. कोपऱ्यांत काळपट तेल सोडा, कडांना रंग उडवा, गंजाचे ओघळ काढा. आणि साखळीत चिखल भरा. सढळ हातानं भरा. लढाईवरून आल्यासारखा दिसला पाहिजे.”

दातवाल्याला हे सांगायला नकोच होतं. नव्याला जुनं करणं हीच तर त्याची भाकरी होती. दोन आठवडे तो त्यात बुडून गेला. स्पंजच्या तुकड्याने कडांचे टवके उडवले, पातळ तपकिरी रंगाने रिबिटांखाली ओघळ काढले, रणगाड्याच्या अंगाला अडकवलेल्या फावड्याच्या दांड्याला हाताचा मळ चढवला. रणगाडा दिवसादिवसाने थकत गेला आणि खरा होत गेला. शेवटी उरला चिखल. प्लास्टर, पांढरा गोंद, मातीचा रंग असं कालवून त्याने साखळीत भरलं, पण ते काही केल्या ओलं दिसेना. वाळलेल्या भिंतीच्या पोपड्यासारखं निर्जीव दिसे.

तेव्हा त्याला आपल्याच धंद्यातली युक्ती सुचली. कवळीच्या हिरडीला लागणारी गुलाबी पूड त्याच्याकडे डबे भरून होती. तिच्यात बारीक लाल धागे मिसळलेले असतात, खऱ्या हिरडीत दिसतात तशा शिरा दिसाव्यात म्हणून. त्याने ती पूड चिमूटभर कालवली, मग आणखी चिमूटभर. चिखलाला एकदम जीव आला. ओलसर तांबूस झाक आली, आणि ते धागे तर गवताच्या मुळांसारखे जागोजागी डोकावू लागले. जगात कुणाच्या रणगाड्याला असा चिखल नसेल, याची त्याला खात्री होती. त्याने तो साखळीच्या प्रत्येक सांध्यात, चाकांच्या आतल्या बाजूला, खाली पोटाशी भरला. वरून वार्निशचा हात द्यायचा राहिला होता, पण त्याला दम निघेना.

रविवारी दुपारी बायको बाजारात गेली. त्याने बाबांच्या मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर रणगाडा ठेवला.

“बाबा, बघा. झाला.”

बाबांनी पाहिलं. तोफेच्या नळीवरून बोट फिरवलं. आकड्याशी थांबले. दातवाला समोर स्टुलावर बसला होता. मग बाबांनी कुणीही करणार नाही ते केलं. त्यांनी गाडी उचलून उलटी केली आणि खालून साखळीत पाहिलं. ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. एरवी सतत चाळवणारा त्यांचा जबडा थांबला. ते उठले आणि गाडी दोन्ही हातांत धरून सरळ स्वयंपाकघरात गेले. गेल्या वर्षभरात ते इतक्या झपाट्याने चालले नव्हते.

नळ सोडल्याचा आवाज आला. पाणी प्यायचं असेल, असं दातवाल्याला वाटलं. मग ब्रशचा खसखस आवाज आला आणि तो धावला.

बाबा भांड्यांच्या मोरीवर वाकून कवळी घासायच्या ब्रशने रणगाडा घासत होते. गोंद पुरता वाळला नव्हता. चिखल सुटून खाली पडत होता आणि मोरीतलं पाणी तांबडं झालं होतं.

“अहो बाबा, काय करताय हे? द्या इकडे. सगळं जाईल ना.”

त्याला खरोखर संताप आला. इतक्या दिवसांच्या कष्टावर पाणी पडत होतं, आणि तेही डोळ्यांदेखत. त्याने हात घातला, तर बाबांनी कोपराने त्याला बाजूला सारलं. त्या कोपरात अजून इतका जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“बादली आण, बुटक्या,” बाबा म्हणाले.

दातवाला चांगला उंच होता. बुटका होता तो फोटोतला शेवटचा, ज्याचं डोकं इतरांच्या खांद्याला लागत होतं.

“बाबा, मी आहे.”

“बादली आण. साहेब बघायला येतील. त्याच्या आत निघालं पाहिजे.”

त्याने बादली आणली. का आणली हे त्याने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं, आणि उत्तर लाजिरवाणं होतं. बाबा बोलत होते म्हणून आणली. ते थांबू नयेत म्हणून आणली. त्या घटकेलासुद्धा त्याच्या मनाचा एक कोपरा आनंदात होता.

“बाहेरून सगळेच धुतात,” बाबा म्हणाले. “आतल्या बाजूला अडकतं. काडी दे.”

त्याने दात कोरायची काडी दिली. बाबांनी ती दोन चाकांच्या मध्ये घातली, फिरवली आणि हलकेच बाहेर ओढली. टोकाला लाल धाग्यांचा गुंता आला होता, त्याला गुलाबी लगदा चिकटलेला. बाबांनी तो फडक्याला पुसला. मग दुसरा काढला. तोही त्याच जागी, पहिल्याशेजारी, जपून पुसला. आपण काय कालवलं आणि कुठे भरलं, हे त्याला त्या फडक्यावर दिसलं.

“काय आहे ते?” त्याने तरीही विचारलं.

“तू वर होतास. तुला दिसलं असेल.” बाबांचा हात थांबत नव्हता. “मला कुठलं दिसायला? माझ्या फटीतनं पुढचं दिसतं, तेपण वीतभर. खालचं दिसत नाही. खालचं नुसतं कळतं. दगड वेगळा लागतो. हातगाडी वेगळी लागते.” त्यांनी काडी पुन्हा आत घातली. “माणूस वेगळा लागतो.”

नळ चालूच होता. दातवाल्याने तो थोडा बारीक केला.

“रस्त्यात होते?”

“रस्ताभर. गाठोडी घेऊन, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन. शत्रूचे नव्हते रे, आपलेच होते. आपल्याच बाजूला पळत होते. मागे फिरायचा हुकूम आम्हालापण होता आणि रस्ता एकच.” ते थांबले. बोलण्याची सवय गेलेल्या माणसाला धाप लागते तशी त्यांना लागली होती. “मी पाय काढला होता. खरंच काढला होता, बुटक्या. साहेब ओरडले, थांबलास तर मागच्या सगळ्या गाड्या मरतील. मग मी पाय परत ठेवला.”

त्यांनी मान वर करून लेकाकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते त्याच्याकडे काहीतरी मागत होते.

“साहेब ओरडले ते तू ऐकलंस ना?”

“ऐकलं,” दातवाला म्हणाला.

“खरं सांग.”

“खरंच ऐकलं. मोठ्यानं ओरडले.”

“मग ठीक आहे,” बाबा म्हणाले, आणि पुन्हा घासू लागले. पण ते ठीक नव्हतं हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

बराच वेळ दोघे तिथे उभे होते. हिरवा रंग जागोजागी निघून खालचं करडं प्लॅस्टिक दिसायला लागलं. आकडाही सुटून पाण्याबरोबर गेला. दातवाल्याला त्यातल्या कशाचंच काही वाटत नव्हतं. त्याने तांब्याने पाणी ओतलं, बाबांनी गाडी फिरवली, त्याने पुन्हा ओतलं. आपण यांना बोलतं केलं, याची त्याला आता भयंकर लाज वाटत होती. पन्नास वर्षं या माणसाने जे दाबून धरलं होतं ते आपण मजेने, जीव लावून, सुट्टीच्या दिवशी पुन्हा त्याच्या साखळीत भरलं.

“निघालं का बघ,” बाबा म्हणाले. “माझी नजर पुरत नाही.”

त्याने गाडी उजेडात धरली. मागच्या चाकाआड एका सांध्यात गुलाबी कण होता. तो त्याने नखाने काढला.

“निघालं.”

“सगळं?”

“सगळं निघालं.”

बाबांनी गाडी घेतली आणि निथळायला ठेवायची जागा शोधत इकडेतिकडे पाहिलं. शेवटी भांड्यांच्या जाळीत, दोन ताटल्यांच्या मध्ये, त्यांनी ती उलटी ठेवली. त्यांचे हात गारठून पांढरे पडले होते. दातवाल्याने टॉवेल घेतला आणि ते पुसायला लागला. एकेक बोट पुसलं. बाबांनी पुसू दिलं.

“घरी बोलायचं नाही,” ते हळूच म्हणाले.

“नाही.”

“पोरगी लहान आहे. आणि बायकोला परत दिवस गेलेत, परवाच पत्र आलं.” त्यांनी त्याच्या हाताला विळखा घातला. “मुलगा झाला तर मोठेपणी विचारणार. पोरांना लढाईच्या गोष्टी हव्या असतात. तू कधी घरी आलास, त्यानं तुला विचारलं, तर सांगायचं नाही. बाकी कुणाला कळलं तरी चालेल. त्याला कळता कामा नये.”

दातवाल्याने आपला दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

“नाही कळणार,” तो म्हणाला. “त्याला कधीच नाही कळणार.”

“शपथ?”

“शपथ.”

बाबांनी त्याच्या हातावर थोपटलं. एखादं अवघड काम उरकल्यासारखा त्यांचा चेहरा सैल पडला. मग ते सावकाश, पूर्वीसारखे पाय ओढत, बाहेरच्या खोलीत गेले आणि खुर्चीत बसले. समोरच्या गच्चीवरून ऊन सरकलं होतं. ते तिकडे बघू लागले.

दातवाल्याने मोरी धुतली. फडकं कागदात गुंडाळून, तो कागद दुसऱ्या कागदात गुंडाळून खाली कचऱ्यात टाकून आला. तोवर बायको आली. पिशव्या ओट्यावर ठेवता ठेवता तिचं लक्ष जाळीकडे गेलं.

“अहो, हे काय? धुतलात? एवढं सगळं केलेलं?”

“रंग नीट बसला नव्हता.”

ती जवळ आली. तिने त्याच्या ओल्या बाह्या पाहिल्या, चेहरा पाहिला.

“बाबांना दाखवलात आधी? बोलले का काही?”

बाहेरच्या खोलीत बाबा खिडकीशी बसले होते. दारातून त्यांची पाठ आणि विरळ पांढरे केस दिसत होते.

“नाही,” तो म्हणाला. “काहीच नाही बोलले.”

“बोलतील हो,” ती म्हणाली. “कधीतरी बोलतीलच तुमच्याशी.”

त्याने मान डोलावली, आणि जाळीतल्या ताटल्या पुसून फळीवर लावायला घेतल्या.